सूर्याआधीचा उजेड

डेहण्याला सूर्य उशिरा उगवतो. शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे, आजोबाच्या पायथ्याशी हे गाव आहे. आजोबा म्हणजे डोंगर. वाल्मीकींचा आश्रम त्याच्यावर होता आणि लव-कुशांचा पाळणा तिथेच हलला, असं इथली माणसं सांगतात. पंचांगातल्या वेळेला सूर्य क्षितिजावर आलेला असतो खरा, पण गाव आणि क्षितिज यांच्यामधे साडेचार हजार फुटांची काळी भिंत उभी असते. सूर्यवंशातल्या पोरांचा हा डोंगर सूर्यालाच अडवून धरतो. तो वरून डोकावेपर्यंत बायांचं पाणी भरून झालेलं असतं आणि गुरं रानाला लागलेली असतात. मुरबाड तालुक्यातही तीच तऱ्हा. नाणेघाटाखालचं वैशाखरे घ्या, गोरखगडाखालचं देहरी घ्या नाहीतर सिद्धगडाखालचं नारिवली. लख्ख उजाडलेलं असतं, अंगणातली मुंगीसुद्धा दिसते, आणि सूर्याचा पत्ता नसतो.

या पट्ट्यातल्या शाळांत मी विज्ञान शिकवलं. माझं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातलं ख्रिस्ती घर. घाटघरचा जलविद्युत प्रकल्प ज्यांनी पाहिला असेल त्यांना माझा भूगोल लगेच कळेल. वरचं धरण नगर जिल्ह्यात अकोल्याला, खालचं धरण शहापूर तालुक्यात चोंढ्याला. विजेची मागणी वाढली की पाणी वरून खाली सोडायचं, मागणी उतरली की तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. माझंही आयुष्यभर असंच चाललं. वर बायबल, खाली प्रकाशसंश्लेषण.

आमच्याकडे संध्याकाळी आई बायबल वाचायची. उत्पत्तीचा पहिला अध्याय मला लहानपणीच पाठ होता आणि त्यातला क्रम सलत होता. पहिल्या दिवशी उजेड. तिसऱ्या दिवशी गवत, भाजीपाला, फळझाडं. सूर्य, चंद्र आणि तारे चौथ्या दिवशी. मग पहिले तीन दिवस उजेड कुठला? आईला विचारलं तेव्हा ती पान न उलटता म्हणाली, "देवाला दिवा लावायला सूर्य लागत नाही." विषय तिच्यापुरता तिथे संपला.

पुष्कळ वर्षांनी कळलं, की आईचं हे उत्तर चौथ्या शतकातलं होतं. कप्पदुकियातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, बिशप बेसिल याने सृष्टीच्या सहा दिवसांवर प्रवचनं दिली. त्यांत तो सांगतो की उजेड आधी घडला आणि सूर्य हा त्या उजेडाला वाहून नेण्यासाठी मागाहून केलेला दिवा आहे. झाडंझुडपं सूर्याच्या आधी का? तर सूर्यालाच जीवनदाता समजून त्याची पूजा करणाऱ्यांचा भ्रम फिटावा म्हणून. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाचा ओरिजेन उघड विचारून गेला होता, की सूर्याशिवाय पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस झाला, त्यांना सकाळ-संध्याकाळही होती, हे कोणता शहाणा माणूस शब्दशः खरं मानील? ओरिजेन काही नास्तिक नव्हता. धर्मासाठी तुरुंगात छळ सोसलेला माणूस तो. हा प्रश्न विज्ञानवाल्यांनी बायबलची खोड काढायला शोधला, असं आमच्या नात्यात अजूनही समजतात. प्रत्यक्षात दुर्बीण निघायच्या तेराशे वर्षं आधी तो चर्चच्या आतच विचारला गेला होता.

या मंडळींत मला सगळ्यांत जवळचा वाटतो ऑगस्टीन. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने उत्पत्तीच्या पुस्तकावर बारा भागांचं विवरण लिहिलं. त्यातला एक परिच्छेद मी प्रत्येक धर्मोपदेशकाच्या टेबलावर काचेखाली ठेवीन. आशय असा : पृथ्वी, आकाश, ताऱ्यांची गती, ग्रहणं या गोष्टी ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही अभ्यासाने आणि अनुभवाने ठाऊक असतात. त्याच्यासमोर एखादा ख्रिस्ती माणूस बायबलचा हवाला देऊन त्याच विषयावर वेडंवाकडं बोलू लागला, तर ऐकणारा हसतो, आणि मग पुनरुत्थानासारख्या गोष्टीवर तरी त्याने आपला विश्वास का ठेवावा? शेवटी तो स्वतः या उजेडाचा उलगडा करायला बसला आणि बराच गुंतत गेला, ती गोष्ट वेगळी.

ज्यांनी हा अध्याय रचला त्यांच्या काळात जाऊन पाहिलं की क्रमाचं कोडं जरा सुटतं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते या अध्यायाला आजचं रूप आलं ते यहुदी लोक बाबिलोनच्या बंदिवासात असताना किंवा त्याच्या आगेमागे. यरुशलेम पडलं इसवी सनापूर्वी ५८६ साली. ज्या मुलखात हे लोक नेले गेले तिथे सूर्य हा शमाश नावाचा देव होता, न्याय देणारा. हम्मुराबीच्या कायद्याच्या शिळेवर राजासमोर सिंहासनावर बसलेला आहे तो हाच. अशा ठिकाणी बसून कोणी लिहितो, की सूर्य चौथ्या दिवशी झाला, गवताच्याही नंतर, आणि त्याचं काम काय, तर दिवस, ऋतू आणि वर्षं दाखवायचं. जेत्यांच्या देवाला या माणसाने दिवाबत्तीच्या कामाला लावलं! हे खगोलशास्त्र नाही, पण धाडस मोठं आहे. पौर्णिमा-अमावास्या आणि ऊन-सावली पाहून रोज जगणाऱ्या लोकांना उन्हाचा सूर्याशी संबंध ठाऊक नव्हता, असं कोण म्हणेल? शिवाय डेहण्यात दिसतं तेच त्यांनाही दिसत होतं. आधी उजाडतं, मग सूर्य येतो. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांवर असतानाच त्याचा उजेड उंच हवेत विखरू लागतो, हे कळायला फार पुढचा काळ यावा लागला. आकाश निळं का, याचं गणित रॅलेने मांडलं ते १८७१ साली. हवेत किरण वाकतात, त्यामुळे सूर्य प्रत्यक्ष वर येण्याच्या दोनेक मिनिटं आधीच तो आपल्याला दिसू लागतो, हे सांगितलं की वर्गातली मुलं आजही खिडकीकडे संशयाने बघतात.

मराठीत ही सृष्टीकथा पहिल्यांदा ऐटीत आली ती १६१६ साली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहून गेला. राचोलला ते छापलं रोमन लिपीत. त्या पहिल्या छापाची एकही प्रत आज उरलेली नाही. सृष्टीच्या सहा दिवसांची कथा त्यातल्या पहिल्या पुराणात येते. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे लावून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती, आणि १६१६ हेच ते साल, ज्या साली रोमने कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी घातली. गोव्याच्या साष्टीतल्या नवख्रिस्ती शेतकऱ्याला यातलं काही कळण्याची सोय नव्हती. त्याला मिळाली ओवी. ओवी कानाला गोड लागली की क्रमाची शंका कोण काढतो?

शंका काढायचे दिवस आले एकोणिसाव्या शतकात, आणि इथून या गोष्टीला गंमतशीर वळण लागतं. मिशनरी आले ते एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात पृथ्वीचा गोल घेऊन. पुराणांतला मेरू, दुधातुपाचे समुद्र आणि सूर्याला गिळणारा राहू यांच्यावर त्यांनी खगोलशास्त्राचा मारा केला. डॉ. जॉन विल्सन यांचे वाद, त्यांची पुस्तकं, १८४२ साली नगरला सुरू झालेला 'ज्ञानोदय', सगळीकडे हे हत्यार परजलेलं दिसतं. 'ज्ञानोदय' माझ्या आजोळी येत असे, म्हणून सांगते : आमच्या लोकांना त्या हत्याराचा फार अभिमान होता. पण ग्रंथ आणि आकाश यांचा हा तंटा हिंदू पंडितांनाही नवा नव्हता. भागवतात चंद्र सूर्याच्याही वर, भास्कराचार्यांच्या गणितात तो खाली. पुराण आणि सिद्धांत यांच्यात मुळात विरोधच नाही, असं दाखवणारे ग्रंथ पंडित लिहीतच आले होते. सिहोरला, भोपाळचा पोलिटिकल एजंट असलेल्या लॅन्सलॉट विल्किन्सनच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी १८३६ साली मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणांचं जग, सिद्धांतांचं जग आणि कोपर्निकसचं जग त्यांनी शेजारी-शेजारी मांडून तोलली. आपल्याच घरातल्या ग्रंथाला आकाशाची कसोटी लावणारं मराठी पुस्तक 'ज्ञानोदया'च्याही आधीचं आहे, हे आम्हा ख्रिस्ती लोकांना शाळेत कोणी सांगितलं नाही.

मारा उलटायला वेळ लागला नाही. टॉमस पेनची पुस्तकं मुंबई-पुण्याच्या तरुणांच्या हातात पडली. पेन, व्हॉल्टेअर या मंडळींनी उत्पत्तीच्या पहिल्या पानाची रेवडी केव्हाच उडवली होती. व्हॉल्टेअरने तर सूर्याआधीच्या उजेडावरच बोट ठेवलं होतं. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद रंगले. समोर होते जॉर्ज बोवेनसारखे पाद्री. पुढे उठावाची धामधूम झाली आणि सभा थांबल्या. विष्णुबावा वेदान्ती. शून्यातून सृष्टी झाली हे वेदान्त्याला मुळातच मान्य नसतं, तेव्हा सहा दिवसांचा हिशेब त्याच्यापुढे काय टिकणार?

याच १८५७ साली तिकडे ब्रिटनमध्ये दोन पुस्तकं निघाली आणि दोन्हींचा विषय तोच, उत्पत्ती आणि विज्ञान यांचा मेळ. एक फिलिप गॉसचं. देवाने झाडं घडवली ती खोडातल्या वर्षांच्या कड्यांसकट, म्हणजे न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांसकट, असं त्याचं म्हणणं. ते कोणालाच पटलं नाही, ना पाद्र्यांना ना शास्त्रज्ञांना. दुसरं ह्यू मिलरचं. हा स्कॉटलंडचा पाथरवट, दगड फोडता-फोडता भूशास्त्रज्ञ झालेला, आणि आपल्या विल्सनसाहेबांच्याच फ्री चर्चचा माणूस. पुस्तक निघण्याआधी काही महिने त्याने स्वतःचा जीव घेतला होता. मिलरने सांगितलं की सृष्टीचे दिवस म्हणजे अफाट लांबीची युगं. तिसऱ्या दिवशीची झाडी म्हणजे कोळसा झालेली प्राचीन अरण्यं. तेव्हा पृथ्वीवर दाट ढगांचं आवरण होतं, उजेड गाळून येत होता पण सूर्यबिंब दिसत नव्हतं. चौथ्या युगात ढग विरळ झाले आणि सूर्य दिसू लागला. पाहणाऱ्याला वाटलं, आत्ताच झाला!

हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस आषाढात डोळखांबला राहून गेला की काय. इथे त्या महिन्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. नुसता राखाडी उजेड असतो. कुठून येतो ते सांगता येत नाही, सावली पडत नाही. एकदा नववीच्या वर्गात मी हा सगळा गुंता मुद्दाम मांडला. झाडं आधी, सूर्य नंतर, सांगा चूक कुठे? मागच्या बाकावरची एक ठाकराची मुलगी उठून म्हणाली, "बाई, आखाडात कुठं दिसतो सूर्य? भात वाढतंच ना." मिलरचं पुस्तक तिने एका वाक्यात आटोपलं.

मग मी तिला पुढचं विचारलं आणि आम्ही पुष्कळ वेळ भातातच राहिलो. नवरात्रात घटाखाली माती घालून धान्य रुजवतात. देव्हाऱ्याच्या अंधारात कोंब येतात पण पिवळे, लांबुडके. बियात साठवलेल्या अन्नावर ते काही दिवस काढतात. हिरवा रंग यायला उजेड लागतो, आणि हिरवा रंग नाही तर पुढची भाकर नाही. आषाढातलं भात जगतं ते ढगातून गाळून आलेल्या सूर्याच्याच उजेडावर, आणि तो उजेड कमी पडतो म्हणून पावसाळी भाताचा उतारा मार खातो. भातसाच्या कालव्यावर जे उन्हाळी भात करतात त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. तीच जमीन, पण पाणी मिळालं आणि वर निरभ्र ऊन असलं की दाणा भरतो. फाल्गुन-चैत्रात राब भाजणारा शेतकरीसुद्धा उन्हाचंच खातं चालवत असतो. तोडलेल्या टाळांत, पालापाचोळ्यात आणि शेणात साठलेलं गेल्या वर्षीचं ऊन तो जाळून रोपाच्या वाफ्याला देतो.

इथे मेळ घालणाऱ्यांची खरी पंचाईत होते. दिवस म्हणजे चोवीस तास असं मानणारा भाबडा माणूस सुरक्षित आहे. तिसऱ्या दिवशी उगवलेलं झाड चौथ्या दिवसापर्यंत सूर्याशिवाय सहज तग धरील. पण भूशास्त्राला खूश करायला त्या एका दिवसाचं लाखो वर्षांचं युग केलंत, की मधल्या काळात झाडं कशावर जगली ते सांगावं लागतं. मग ढग आणावे लागतात. ढग आणले की सूर्य आधीच होता हे कबूल करावं लागतं, आणि मग चौथ्या दिवशी नेमकं काय घडवलं? दोन अनोळखी घरांच्या पत्रिका जुळवणाऱ्या जोशीबुवांसारखं हे काम. गुण कमी पडले की एखादा ग्रह सरकवायचा.

महात्मा फुले या फंदात पडले नाहीत, म्हणून ते मला वेगळे वाटतात. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, पेन वाचला. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी ब्रह्मदेवाच्या मुखापासून आणि बाहूंपासून माणसं जन्मल्याची कथा घेतली आणि तिला सरळ बाळंतपणाचे प्रश्न विचारले. मिशनऱ्यांचे त्यांनी उपकार मानले, पण उत्पत्तीचे सहा दिवस काही उचलले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त निर्मिक आहे तो अनंत सूर्यमंडळांचा निर्मिक. आपला सूर्य कितव्या दिवशी झाला हा प्रश्न तिथे उरतच नाही, कारण आपला सूर्य अनेकांतला एक आहे. नारायण वामन टिळकांचं निराळं. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल दिलं, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण या महाकवीला धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. नगरच्या आमच्या घरात त्यांची भजनं पेटीवर म्हटली जात आणि सृष्टीच्या क्रमावर मात्र पंगती उठेपर्यंत भांडण चाले.

दरम्यान सूर्याबद्दल खरोखर काय कळत गेलं? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली एक पिवळी रेघ ओळखीच्या कोणत्याच मूलद्रव्याची नव्हती. तिच्यावरून हेलियमचा शोध लागला. पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडलेलं हे मूलद्रव्य. नॉर्मन लॉकयरने हेलियम विजयदुर्गच्या किल्ल्यावर शोधला असं कोकणात अभिमानाने सांगतात, तिथे दर ऑगस्टला दिवसही साजरा होतो. लॉकयर विजयदुर्गला आला होता, यात शंका नाही, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ साली तो इंग्लंडमध्येच होता. त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला दुर्बिणी मांडून बसले होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा तळही तिथेच पडला होता. इलाख्यात तेव्हा प्लेग चालू होता. त्याही दिवसांत जेऊरसारख्या आडगावी सूर्याची रेघन् रेघ टिपली गेली, याचा मला विजयदुर्गच्या दंतकथेपेक्षा अधिक अभिमान वाटतो.

१९२० साली मेघनाद साहांनी तप्त वायूच्या आयनीभवनाचं समीकरण दिलं. ते हाताशी घेऊन सेसिलिया पेन या तरुणीने १९२५ साली दाखवलं, की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. तिच्या वरिष्ठांनी तिला तो निष्कर्ष मवाळ करायला लावला, आणि चार वर्षांनी स्वतः तोच काढला. त्या हायड्रोजनचा हेलियम होताना ऊर्जा सुटते. दर सेकंदाला सूर्याचं सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान उजेड होऊन निघून जातं. सूर्याच्या पृष्ठभागापासून आपल्यापर्यंत यायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. पण गाभ्यात निर्माण झालेली ऊर्जा आदळत-आपटत पृष्ठभागावर यायला लागणारा वेळ, प्रचलित अंदाजांप्रमाणे, दहा हजार ते पावणेदोन लाख वर्षं आहे. आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात वंशावळ्या जोडून सृष्टीचा मुहूर्त काढला होता इसवी सनापूर्वी ४००४. इंग्रजी बायबलच्या समासात तो पुढे छापलाही जाई. थळ घाटाचा रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला. तो खोदणाऱ्या साहेबांच्या ट्रंकांत तसली बायबलं असणारच, आणि त्यांच्या सुरुंगांखाली होता साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कसाऱ्याच्या फलाटावर पडलेलं ऊनसुद्धा अशरच्या जगापेक्षा जुनं आहे.

मग सूर्याआधी उजेड होता का? होता. विश्वाचं वय आज १,३८० कोटी वर्षं धरतात, सूर्याचं ४६० कोटी. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं झालं तेव्हा ते निवळलं आणि कोंडलेला उजेड मोकळा सुटला. त्याचा अवशेष पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९६५ च्या सुमारास अँटेनातल्या खरखरीत सापडला. आधी त्यांना वाटलं, कबुतरांच्या शिटेचा दोष असावा. जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर मुंग्या येत, त्यातला शेकडा एखादा हिस्सा या उजेडाचा असे. किन्हवलीच्या घराघरांतल्या लोखंडी अँटेनांनी तो पकडलेला आहे, कोणाला न कळता.

एवढं ऐकलं की माझे नातेवाईक टाळ्या पिटतात. झालं सिद्ध! पोप बारावे पायस यांनाही १९५१ च्या नोव्हेंबरात असंच वाटलं. आपल्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना त्यांनी विश्वाचा प्रारंभ आणि उत्पत्तीतला पहिला उजेड एका माळेत ओवले. या बोलण्याने अस्वस्थ झाला तो जॉर्ज लेमेत्र, म्हणजे महास्फोटाची कल्पना ज्याने मांडली तोच. तो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. आपला सिद्धांत गणिताचा आहे, तो उद्या चुकलाही असेल, त्याच्या खांद्यावर श्रद्धेचं ओझं नको, असा त्याचा आग्रह. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे भाषण करताना पोपने ते विधान पुन्हा केलं नाही. आमच्या जयंत नारळीकरांनी तर आधी खगोलशास्त्रज्ञ हॉइलबरोबर आणि पुढेही जन्मभर महास्फोटावर शंका घेतली. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. पण समजा, ते बरोबर ठरले असते तर? बायबलची पहिली ओळ पुण्याच्या एका खगोलशास्त्रज्ञाच्या चुकण्यावर टांगून ठेवायची, ही कसली श्रद्धा! शिवाय मेळ अर्धाच बसतो. उत्पत्तीत पृथ्वी आणि पाणी उजेडाच्याही आधी आहेत. विज्ञानात पृथ्वी सूर्याच्या पाठची, ४५४ कोटी वर्षांची, आणि जमिनीवरची झाडं त्या मानाने कालची.

इथल्या मातीत सूर्याचं जे काम मानलं गेलं ते मला चौथ्या दिवसाच्या जवळचं वाटतं. ठाणे जिल्ह्यात गधेगाळ आढळतात, शिलाहार काळातले दानाचे दगड. वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेली ओंगळ शिवी कोरलेली. सूर्य तिथे साक्षीदार आहे, मुदत सांगणारा : तो असेतोवर हे दान चालू. वारल्यांच्या लग्नचौकात पालघट देवीबरोबर सूर्य-चंद्र काढतात, त्यांच्याविना लग्नाला साक्ष कोण? उजेड सूर्य घडवतो की नाही, असा प्रश्न त्या दगडालाही पडलेला नाही आणि त्या चौकालाही. वेळ आणि शब्द पाळायला कोणीतरी वर हवा, एवढंच त्यांना हवं असतं. यहुदी लेखकाने सूर्याला नेमून दिलेलं काम याहून फार वेगळं नव्हतं.

नगरचा माझा एक मावसभाऊ दर नाताळाला मला एखादा व्हिडिओ पाठवतो, विज्ञानाने बायबल खरं ठरवलं अशा मथळ्याचा. या खेपेला मी त्याला फक्त तिसऱ्या दिवसाबद्दल विचारलं. त्याने ढगांचं उत्तर दिलं, मिलरचंच, मिलरचं नावही न ऐकता. म्हटलं, आखाडात ये डोळखांबला, तुझे ढग दाखवते आणि त्याखालचं भातही दाखवते, मग बोलू. तो म्हणाला, तिकडे रेंज नसते.